पैसे वसूल होतील अशी वाईन: वरुड-मोर्शीकडून येणारे नेहमीचे प्रश्न

चौदा वर्षं मी प्रवासी जहाजांवर वाईन वाढायचं काम केलं. आता अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात घरचा संत्र्याचा बगीचा पाहतो. गावात कोणाचा पोरगा पुण्याहून आला, कोणाचा जावई जर्मनीहून आला, की बाटलीचा फोटो माझ्या फोनवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, “भाऊ, हे बरी हाय का?” तीच उत्तरं किती वेळा टाइप करायची, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये, एवढं आधीच सांगतो.

भाऊ, वाईन म्हंजे दारूच न?

दारूच. फक्त द्राक्षाच्या रसाची, गाळलेली नाही, आंबवलेली. व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, वाईनमध्ये साधारण ११ ते १४.५. पण हिशेब करून पाहा. ७५० मिलीची १३ टक्क्यांची बाटली एकट्यानं संपवली तर ९७ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली असतं. म्हणजे “मी तर फक्त वाईन घेतो” म्हणणारा गडी क्वार्टरवाल्याच्या पुढे निघून गेला. एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात आणि ती पाच माणसांत उघडायची वस्तू आहे.

पण वाईन हृदयाला चांगली असते म्हणतात न?

ही गोष्ट १९९१ मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवरून जगभर पसरली. फ्रान्सचे लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारानं कमी मरतात, कारण रेड वाईन, असा तो तर्क होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. औषध म्हणून घेऊ नका. बाळंतिणीला चमचाभर द्यायची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे, तीही सोडा. घ्यायचीच तर चवीसाठी घ्या, गाडी घेऊन जायचं नसेल तेव्हा.

नागपूरहून बाटली आणली तर पोलीस धरतात का?

प्रश्न रस्त्याचा आहे. नागपूर-अमरावती हायवे कारंजा घाडगे, तळेगाववरून जातो आणि तो पट्टा वर्धा जिल्ह्यात येतो, जिथं दारूबंदी आहे. गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. मी नागपूरहून काही आणलंच तर काटोल-वरुड रस्त्यानं येतो, वर्ध्यात शिरतच नाही. बिल खिशात ठेवतो. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, दुकानात एका दिवसाचा मिळतो, तो मागून घ्या. दुकानदार आपणहून देत नाही. आणि मध्य प्रदेशातलं पांढुर्णा जवळ आहे, तिकडं स्वस्त मिळते, हा मोह नको. दुसऱ्या राज्यातली बाटली इकडं आणणं गुन्हा आहे.

परदेशी वाईन काहून इतकी महाग असते?

कारण तुम्ही जे पैसे देता त्यातले थोडेच वाईनचे असतात. भारतात परदेशी वाईनवर १५० टक्के आयात शुल्काची चाल वर्षानुवर्षं आहे. समजा चिलीच्या कारखान्यातून बाटली ३०० रुपयांना निघाली. त्यावर ४५० रुपये शुल्क, झाले ७५०. मग जहाज, गोदाम, राज्याचा कर, आयातदार, वितरक, दुकानदार, प्रत्येकाचा हात लागतो आणि कपाटावर येईस्तोवर ती सहज चौपट होते. संत्रं बगीच्यातून कोणत्या भावानं गेलं आणि मुंबईत कोणत्या भावानं विकलं, हे ज्यानं पाहिलं त्याला हे समजवायची गरज नाही.

आता त्या ३०० रुपयांच्या आत डोकवा. बाटली, बूच, लेबल, खोका यांचे १०० धरा. उरली वाईन २०० ची. तीच बाटली ५०० ला निघाली तर काचेचा आणि खोक्याचा खर्च तेवढाच राहतो, पण आत वाईन ४०० ची येते. म्हणजे पैसे पावणेदोन पटही नाहीत आणि माल दुप्पट. म्हणून परदेशी वाईनमध्ये सगळ्यात खालच्या पायरीवरची बाटली बहुधा सगळ्यात तोट्याचा सौदा असते. त्याच्या वरची पायरी घ्या. फार वर जाऊ नका, कारण तिथून पुढं नावाचे पैसे सुरू होतात.

ऑस्ट्रेलियाचं गणित थोडं निराळं आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून त्या देशाशी झालेला व्यापार करार लागू झाला. पाच डॉलरपासून वरच्या बाटलीवरचं शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि पंधरा डॉलरपासून वरच्यावर ७५ वर. पुढं दरवर्षी थोडं थोडं उतरत जायचं आहे. म्हणून शेल्फवर ऑस्ट्रेलियाचं शिराझ (तिथली रेड वाईन) दिसलं तर भाव एकदा नीट पाहा.

मग कमी पैशात आपल्याकडचीच घ्यावी काय?

हजार रुपयांच्या आत असाल तर डोळे मिटून हो. तेवढ्या पैशात परदेशी बाटलीत उरतं काय ते वर पाहिलंच. महाराष्ट्रात २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, राज्यातल्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिककडं वायनऱ्या, म्हणजे वाईनचे कारखाने, उभे राहिले. तिथल्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन पांढऱ्या वाईन आपल्याकडं मनापासून चांगल्या होतात. अकलूजकडची फ्रातेल्ली कंपनी इटलीचं सांजोवेसे द्राक्ष लावते, ते मला आवडतं. आपल्या रेड वाईनच्या खालच्या पायरीबद्दल मात्र माझं मत एवढं चांगलं नाही. उन्हात द्राक्ष लवकर पिकतं, साखर चढते, पण सालीतला तुरटपणा कच्चा राहतो. पेरू वरून पिवळा आणि आतून कडक असतो तसं. रेडमध्ये मधली पायरी घ्या किंवा पांढरी घ्या.

“ऑरेंज वाईन” आपल्या संत्र्याची असते का?

हा प्रश्न वरुडमध्ये नाही विचारायचा तर कुठं! नाही, त्यात संत्रं औषधालाही नसतं. ती पांढऱ्या द्राक्षाची वाईन आहे. नेहमीची पांढरी वाईन करताना द्राक्ष दाबलं की साल लगेच बाजूला काढतात. इथं साल रसातच आठवडे, कधी महिने ठेवतात. चहाची पत्ती जास्त वेळ ठेवली की जसा रंग आणि तुरटपणा उतरतो, तसा सालीचा रंग उतरतो आणि वाईन तांबूस, संत्र्याच्या रंगाची होते. म्हणून ते नाव.

हिचं मूळ गाव म्हणजे जॉर्जिया हा देश. तिथं क्वेव्री नावाचे मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात वाईन करतात. जमिनीच्या पोटात तापमान सारखं राहतं. आपण धान्याचे पेव खणायचो, त्यामागंही जमिनीच्या पोटावरचाच भरवसा होता. जॉर्जियात द्राक्षाची वाईन करण्याचे पुरावे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि क्वेव्रीच्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोनं मान दिला. आपल्याकडच्या दुकानात ही क्वचित दिसते. कोणी तिथल्या राजधानीहून, तिबिलीसीहून, येत असेल तर सापेरावी नावाच्या द्राक्षाची रेड मागवा. त्या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो, कपड्यावर सांडली तर कपडा गेला.

संत्र्यावरून आणखी एक सांगतो. मृगाचं संत्रं आणि आंबियाचं संत्रं एकाच झाडाचं, तरी चव वेगळी. काळ्या जमिनीतलं आणि मुरमाड जमिनीतलंही वेगळं. वाईनवाले जमीन, हवा आणि हंगामाचं वर्ष याबद्दल जे पुराण सांगतात त्यात याहून जास्त काही नाही.

बाटली निवडताना सगळ्यात आधी काय पाहायचं? देश, द्राक्ष की वर्ष?

दुकान. आपल्या भागात आधी दुकान पाहायचं.

वाईन हा फळाचा रस आहे. २५ अंशांच्या वर बरेच दिवस राहिली की तिचं वय भराभर वाढतं आणि चाळिशीच्या वर काही दिवसांतच ती शिजते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या गोदामात किती होत असेल ते वेगळं सांगायला नको. तालुक्याच्या एका दुकानात मी पाहिलं, शोभेसाठी परदेशी बाटल्या पश्चिमेकडच्या काचेत मांडलेल्या, रोज दुपारी तीनपासून ऊन थेट अंगावर. त्यातली फ्रान्सची बाटली सोळाशेची होती. ती फुकट दिली तरी मी घेतली नसती.

घरचा नमुनाही सांगतो. चुलतभावाकडं पाहुण्यानं मार्चमध्ये स्पेनची बाटली आणली. चांगली वस्तू आहे, दिवाळीत उघडू म्हणून वहिनीनं ती माळ्यावर पापडाच्या डब्यामागं ठेवली. माळ्याच्या वर टिन. दिवाळीत मला बोलावलं. बाटली हातात घेतली तर बूच नखभर वर आलेलं, वेष्टण फुगलेलं, गळ्यावरून खाली चिकट लाल ओघळ सुकलेला. ग्लासात ओतली तर कडेला रंग चहासारखा तांबडा, आणि वासाला काकवी. जांभळं, आलुबुखार असं जे यायला पाहिजे ते कुठंच नाही. भाऊ म्हणाला, “अशीच असते काय ही?” त्याला काय सांगणार.

म्हणून हे पाहा. बाटल्या एसीच्या खोलीत किंवा फ्रिजात आहेत का. बूच काचेच्या तोंडाशी सपाट आहे की वर आलंय. गळ्यावर ओघळ आहे का. पांढरी वाईन उजेडाकडं धरली तर फिकट दिसते की तेलासारखी पिवळी झालीय. आणि जमेल तर वाईनची खरेदी दिवाळी ते होळी या दिवसांत उरकून टाका. तेव्हा ट्रकमध्येही माल तापत नाही.

कोणत्या देशाची घेतली तर पैसे वसूल होतात?

माझा एक ढोबळ नियम आहे. ज्या वाईनचं नाव गावात कोणाला उच्चारता येत नाही ती बहुधा आपल्या किमतीपेक्षा चांगली असते. फ्रान्सचे बोर्दो आणि शॅम्पेन, अमेरिकेचं नापा, या भागांची नावं सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्यांचे भाव चढलेले. आपण त्या नावांच्या शेजारच्या गल्लीत जायचं.

चिलीपासून सुरुवात करा, कारण ती आपल्याकडं मिळतेही. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला समुद्र, वर वाळवंट. युरोपातले मळे १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं संपवले, ती कीड चिलीत पसरलीच नाही. तिथली कार्मेनेरची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना आवडेल. हे बोर्दोचं द्राक्ष, किडीनंतर जगातून गेलं असंच लोक धरून चालले होते. चिलीवाले आपल्या मळ्यात मेर्लो नावाचं दुसरं द्राक्ष आहे समजून पिढ्यान्‌पिढ्या पीक घेत होते. १९९४ मध्ये झ्यां-मिशेल बूर्सिको नावाचा फ्रेंच तज्ज्ञ आला, पानं पाहिली आणि म्हणाला, हे मेर्लो नाही, कार्मेनेर आहे. पाकिटावर एक आणि उगवलं दुसरं हा अनुभव आपल्याला नवा नाही, पण इथं शेतकऱ्याचं नशीब फळलं. चांगल्या कार्मेनेरला भाजलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. वांग्याच्या भरितासोबत घेऊन पाहा, चुलीवर भाजलेलं वांगं आणि ती, दोघांचा धूर जुळतो.

अर्जेंटिना म्हणजे माल्बेक द्राक्षाची रेड. मेंडोझा या त्यांच्या वाईनच्या भागात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. मळे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, काही त्याहून उंच, पाणी अँडीजच्या बर्फाचं, पाटानं येतं. दिवसा ऊन, रात्री थंडी, म्हणून द्राक्षात गोडी आणि आंबटपणा दोन्ही टिकतात. त्यांचाही वैरी गारपीटच. कित्येक मळ्यांवर ते गारांपासून बचावासाठी जाळ्या लावतात. माल्बेक मऊ असतं, तुरटपणा बोचत नाही. ज्यानं आयुष्यात रेड वाईन घेतली नाही त्याला मी पहिली हीच देतो.

दक्षिण आफ्रिकेत शेनिन ब्लाँ जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त लावली जाते. तिथले जुने लोक तिला स्टीन म्हणतात. जुन्या वेलींची घ्या. ३५ वर्षांच्या वरच्या मळ्यांना तिथं वेगळा शिक्का मिळतो आणि त्यातही बाटल्या परवडतात. पिनोताज हे त्यांचं स्वतःचं वाण. १९२५ मध्ये अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो या दोन द्राक्षांच्या संकरातून केलं. स्वस्तातलं पिनोताज मात्र जळक्या रबरासारखं लागू शकतं, तिथं जपून.

पोर्तुगालवर माझा जीव आहे. त्यांच्याकडं अडीचशेच्या वर देशी द्राक्षं आहेत, नावं घेताना जीभ वळत नाही, म्हणूनच भाव पडलेले. अलेंतेजो हा त्यांचा दक्षिणेचा भाग आपल्यासारखाच तापतो, तिथल्या रेड वाईन गोलसर, भरलेल्या. बुचाची झाडंही तिथलीच, जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगाल पुरवतं. उत्तरेची व्हिन्यो व्हेर्द हलकी, जिभेवर किंचित चुरचुरणारी, अल्कोहोल कमी. नावाचा अर्थ हिरवी वाईन, पण रंग हिरवा नाही. हिरवी म्हणजे कोवळी. उन्हाळ्यात बर्फगार करून हिच्यासारखी दुसरी नाही.

स्पेनकडं जगात सगळ्यात जास्त द्राक्षाखालची जमीन आहे. त्यांचा मोठा गुण असा की वाईन जुनी करायचा खर्च ते स्वतः सोसतात. रिओखा या भागाच्या रेडवर क्रियान्सा लिहिलं असेल तर ती दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष लाकडी पिंपात. रेझेर्वा तीन वर्षं, ग्रान रेझेर्वा पाच. दुसऱ्या देशात एवढी मुरलेली बाटली या भावात मिळत नाही. रिओखाही महाग वाटली तर कालातायुद, काम्पो दे बोर्खा इथली गार्नाचा द्राक्षाची रेड पाहा. बुडबुड्याची हवी तर कावा. शॅम्पेनसारखीच बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, कमीत कमी नऊ महिने ठेवलेली, आणि भाव शॅम्पेनच्या आसपासही नाही.

इटलीत मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो आणि सिसिलीचं नेरो दाव्होला. दोन्ही जेवणाच्या वाईन, नुसत्या घेतल्या तर रुक्ष वाटतील.

फ्रान्स टाळायचा नाही, फक्त मोठ्या दारातून आत जायचं नाही. कोत द्यु रोन, लांगदॉक, बोजोले या भागांतून जा. शॅम्पेनऐवजी क्रेमां, तीही बुडबुड्याचीच. बोर्दोच्या मळ्यांची जी श्रेणी १८५५ मध्ये ठरली ती आजही जवळपास तशीच चालते, आणि तुम्ही त्या कागदाचे पैसे देता. १९७६ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून चाखल्या तेव्हा कॅलिफोर्नियाच्या बाटल्या पांढऱ्यातही आणि लालमध्येही पहिल्या आल्या होत्या. तेव्हापासून कॅलिफोर्नियानंही भाव चढवले, तो भाग वेगळा.

न्यूझीलंडच्या मार्लबरो भागाची सोव्हिन्यों ब्लाँ कधीच दगा देत नाही, पण स्वस्त नाही. जर्मनीचं पुढं जावयाच्या प्रश्नात येतं.

लेबलवर “रिझर्व्ह” लिहिलंय, म्हणजे चांगलीच न?

स्पेन आणि इटलीत त्या शब्दाला कायद्याचा आधार आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलियात तो नुसता शब्द आहे, चिलीतही त्यावर फार विसंबू नका. फ्रेंच लेबलवर जुन्या वेलींचा उल्लेख असतो, पण किती जुन्या म्हणजे जुन्या हे कुठं ठरलेलं नाही. जड बाटली, बुडाचा खोल खड्डा, सोनेरी पदक, यांनी वाईन सुधारत नाही. बाटली जड असली तर काचेचे आणि भाड्याचे पैसे तुम्ही दिले एवढंच.

लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्ष तोडल्याचं वर्ष, मात्र वाचा. हजार-पंधराशेतली बहुतेक वाईन ठेवून द्यायला केलेलीच नसते. पांढरी आणि गुलाबी असेल तर दोन वर्षांच्या आतली, साधी रेड चार वर्षांच्या आतली घ्या. आणखी एक: चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेत तोडा फेब्रुवारी-एप्रिलमध्ये होतो, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एकाच सालाच्या दोन बाटल्यांत खालच्या गोलार्धाची अर्ध्या वर्षानं मोठी असते.

बूच नाही, फिरकीचं झाकण आहे. हलकी समजायची का?

उलट. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीत रीसलिंग नावाची पांढरी वाईन करणाऱ्यांनी २००० मध्ये आणि पाठोपाठ न्यूझीलंडनं मुद्दाम फिरकीचं झाकण घेतलं, कारण खराब बुचामुळं वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. आपल्याला तर ते सोयीचंच. गावात बूच काढायचा स्क्रू कोणाकडं नसतो. एका लग्नाच्या घरी पोरांनी बूच आत ढकलायला पेचकस लावला, अर्धी वाईन नवरदेवाच्या काकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

सावजी मटणासोबत कोणती?

लोक म्हणतात जड मटण, तर जड रेड. चूक. तिखटावर तुरट आणि जास्त अल्कोहोलची वाईन घेतली की तोंडातली आग दुप्पट होते, वाईन कडू लागते. काबर्ने सोव्हिन्योंसारखी जड रेड सावजीवर वाया घालवू नका. तिखटाला हवी थंड, किंचित गोड, कमी अल्कोहोलची: थोडी गोडसर शेनिन, रीसलिंग, किंवा थंडगार गुलाबी. मटण म्हणून रेडच पाहिजे असा हट्ट असेल तर गार्नाचा किंवा बोजोले, अर्धा तास फ्रिजात ठेवून. झुणका-भाकर, ठेचा, पातोडीच्या रश्शासोबत बुडबुड्याची चांगली. पुरणपोळीसोबत वाईन पुरणाहून गोड पाहिजे, नाहीतर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागते. आणि खरं सांगू, सावजीची तर्री अस्सल नागपुरी असेल तर कोणतीच वाईन टिकत नाही. ताक घ्या.

“रूम टेंपरेचर”ला द्यायची म्हणतात, मग फ्रिजात काहून ठेवायची?

ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. वरुडच्या मे महिन्यातली नाही. रेड फ्रिजात पाऊण तास, पांढरी तीन तास. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. लाइन गेली असेल तर ओल्या बारदानात गुंडाळून माठाशेजारी वाऱ्यावर ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं चालतं, पावसाळ्यात नाही.

महिना-दोन महिने ठेवायची तर घरचा फ्रिजच बरा, खालच्या कप्प्यात. पुस्तकातले तळघराचे सल्ले आपल्यासाठी नाहीत.

जावई जर्मनीहून येऊन राहिला. काय आणायला सांगू?

येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. वर सांगितलेलं सगळं शुल्काचं गणित या दोन बाटल्यांना लागत नाही, म्हणून इथं स्वस्त वस्तू मागवण्यात अर्थ नाही. इथं मिळत नाही ते मागवा. एक मोझेल नदीकाठची रीसलिंग. लेबलवर ‘ट्रोकन’ असेल तर कोरडी, म्हणजे गोड नसलेली. ‘काबिनेट’ असेल आणि अल्कोहोल आठ-नऊ टक्के असेल तर गोडसर, आपल्या जेवणाला हीच. दुसरी बाटली पोर्टची.

विमानतळावरच्या दुकानापेक्षा तिथल्या गावातल्या साध्या सुपरमार्केटात स्वस्त पडते. बॅगेच्या मधोमध, स्वेटरमध्ये गुंडाळून, आणि हातातल्या बॅगेत नाही.

पोर्ट? ते तर शंभर-दोनशेत मिळते की!

आपल्याकडं गोड लाल वाईनला सर्रास पोर्ट म्हणतात, ती ही नव्हे. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याची. १७५६ मध्येच तिथल्या सरकारनं त्या भागाची हद्द आखून दिली. आपल्या नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याच्या अडीचशे वर्षं आधीची गोष्ट. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाचीच कडक दारू घालतात, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते. म्हणून गोड, आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्के. जेवणानंतर चहाच्या अर्ध्या कपाएवढी पुरते. एक बाटली दहा-बारा माणसांना होते, या हिशेबानं ती मुळीच महाग नाही. संत्रा बर्फीसोबत तिचा टॉनी प्रकार, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट, द्या, मग पाहुणे उठत नाहीत.

उघडलेली उरली तर?

बूच लावून फ्रिजात, रेडसुद्धा. तीन-चार दिवस चालते. बुडबुड्याची दुसऱ्या दिवशी संपवा. टॉनी पोर्ट महिनाभर. तळाशी काचेच्या खड्यासारखं काही दिसलं तर घाबरू नका, ते द्राक्षातल्या आम्लाचे खडे आहेत, खडीसाखर जमते तसे. वास नेलपॉलिशचा किंवा सिरक्याचा आला तर भाजीत टाका.

आमच्या इथल्या दुकानात एकच परदेशी बाटली आहे, वर धूळ बसलेली. घेऊ का?

धूळ पुसा आणि साल वाचा. पांढरी असून दोन वर्षांच्या वरची असेल तर परत ठेवा. रेड असेल तर बूच पाहा, मग दुकानदाराला विचारा की मे महिन्यात ती कुठं होती. तो हसला किंवा वर टिनाकडं पाहिलं तर बीअर घ्या. ती निदान फ्रिजात असते.